देवळाली प्रवरा ते मुंबई: सरकारी पोर्टल ऐनवेळी का अडतात आणि 'ऑटोमेटेड टेस्टिंग' अजून अंगवळणी का पडत नाही?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा हे नगरपरिषद असलेलं छोटं शहर आहे. नाशिकजवळ आणखी एक देवळाली आहे, लष्करी छावणीमुळे ओळखली जाणारी. इंग्रजीत लिहिताना या नावाचं स्पेलिंग कुठे 'देवलाली' असं असतं, तर कुठे 'देओलाली' असं. त्यातच २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरवरून अहिल्यानगर झालं.

आता समजा, इथल्या एका मुलीनं एखाद्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'अहमदनगर' आहे, पोर्टलच्या यादीत 'अहिल्यानगर' आहे. आधार कार्डावर गावाचं एक स्पेलिंग आहे, गुणपत्रिकेवर दुसरं.

अर्ज पुढे जाईल की अडकेल?

नगरपरिषदेतल्या लिपिकाला किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला ही शंका लगेच येईल. रोज अशीच कागदपत्रं त्यांच्या टेबलावर येतात. पण ते पोर्टल ज्यानं बनवलं, त्या डेव्हलपरला ती येईलच असं नाही. त्यानं देवळाली प्रवराचं नाव कदाचित ऐकलेलंही नसेल.

या दोघांमधलं अंतर भरून काढण्याचा एक मार्ग सॉफ्टवेअर क्षेत्रात अनेक वर्षांपासून आहे. त्याचं नाव ऑटोमेटेड टेस्टिंग. पण तो मार्ग वापरायला डेव्हलपर कां-कूं करतात आणि कार्यालयातले कर्मचारी 'ते आमचं काम नाही' म्हणतात. असं का होतं आणि त्याचा तुमच्या-आमच्या अर्जाशी काय संबंध आहे, हे समजून घेऊया.

ऑटोमेटेड टेस्टिंग म्हणजे नेमकं काय?

राहुरी, श्रीरामपूर, राहाता हा उसाचा पट्टा. इथल्या शेतकऱ्याला वजनकाट्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. काटा बरोबर आहे की नाही, हे कसं तपासतात? ज्याचं वजन आधीच माहीत आहे, असं प्रमाणित वजन काट्यावर ठेवतात. आकडा जुळला तर काटा बरोबर, नाही जुळला तर काट्यात गडबड.

ऑटोमेटेड टेस्ट हे सॉफ्टवेअरसाठीचं प्रमाणित वजन आहे. उत्तर आधी माहीत असलेला प्रश्न सॉफ्टवेअरला विचारायचा आणि तेच उत्तर येतं का, ते पाहायचं. फरक इतकाच, की हे काम माणूस करत नाही. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवलेला असतो.

उदाहरण घेऊ. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत वयाची अट २१ ते ६५ वर्षांची आहे. मग किमान चार वयं तपासायला हवीत: २०, २१, ६५ आणि ६६. पहिली आणि शेवटची महिला अपात्र ठरली पाहिजे, मधल्या दोघी पात्र. चुका बहुतेक वेळा अशा सीमेवरच होतात. '६५ पर्यंत' म्हणजे ६५ धरून की सोडून, असा गोंधळ तिथेच होतो.

माणूस हे चार अर्ज हातानं भरून तपासू शकतो. पण पोर्टलमध्ये दर आठवड्याला काही ना काही बदल होतो. एक गोष्ट दुरुस्त करताना दुसरी मोडते. प्रत्येक बदलानंतर तेच चार अर्ज, आणि अशा शेकडो अटींचे शेकडो अर्ज, पुन्हा पुन्हा हातानं कोण भरणार? एकदा टेस्ट लिहून ठेवली की कॉम्प्युटर त्या सगळ्या काही मिनिटांत चालवून पाहतो. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, काही मोडलं असेल तर लाल.

न तपासल्याची किंमत कोण मोजतं?

याचं उत्तर महाराष्ट्रानं वेळोवेळी पाहिलं आहे.

*मुंबई विद्यापीठ, २०१७.* विद्यापीठानं त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका आणि हजारो प्राध्यापक एकदम या नव्या पद्धतीत आले. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना लॉग-इनपासून अडचणी आल्या, काही उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. कुलपती या नात्यानं राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली होती, ती पाळता आली नाही आणि निकाल त्यानंतरही कित्येक आठवडे लागत राहिले. पुढच्या प्रवेशासाठी थांबलेले विद्यार्थी लटकले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

*अकरावी प्रवेश, २०२५.* तोपर्यंत अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या भागांपुरती होती. २०२५ मध्ये ती पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाली. म्हणजे देवळाली प्रवराच्या विद्यार्थ्यांनाही पहिल्यांदाच पोर्टलवरून जावं लागलं. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला होता आणि राज्यात सुमारे साडेचौदा लाख विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. १९ आणि २० मे रोजी विद्यार्थ्यांना सरावाची संधी देण्यात आली. प्रत्यक्ष नोंदणी २१ मे रोजी सुरू व्हायची होती, पण त्या दिवशी संकेतस्थळ नीट चाललंच नाही. नोंदणी पुढे ढकलून २६ मेपासून सुरू करावी लागली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. 'एक विद्यार्थी अर्ज भरू शकतो का?' आणि 'एकाच सकाळी लाखो विद्यार्थी अर्ज भरू शकतात का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातानं तपासताच येत नाही. त्यासाठी लाखो खोटे अर्जदार तयार करून पोर्टलवर सोडणारा प्रोग्राम लागतो. याला 'लोड टेस्टिंग' म्हणतात.

*लाडकी बहीण ई-केवायसी, २०२५.* योजनेतल्या महिलांना दोन महिन्यांत ई-केवायसी करणं १८ सप्टेंबर २०२५ रोजी बंधनकारक झालं. त्यात महिलेच्या स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला जात होता.

पण ज्या महिलेचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, तिनं कुणाचा ओटीपी द्यायचा? घटस्फोटित महिलेनं काय करायचं?

या महिला अडकल्या. नोव्हेंबरमध्ये सरकारनं मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत द्यावी, असं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केलं.

हे तिसरं उदाहरण सर्वांत महत्त्वाचं. कारण या महिलांची अडचण सर्व्हरमुळे आलेली नव्हती. त्यांच्याबाबतीत पोर्टल सांगितल्याप्रमाणेच वागत होतं. सांगण्यातच एक मोठा गट सुटला होता. कुठल्याही अंगणवाडी सेविकेला आधी विचारलं असतं, 'ई-केवायसी करताना कुणाची अडचण होईल?', तर विधवा आणि परित्यक्ता महिलांची नावं तिनं पहिल्या मिनिटाला घेतली असती.

म्हणूनच ऑटोमेटेड टेस्टिंगसाठी दोन प्रकारची माणसं लागतात. कोड लिहिता येणारी आणि अपवाद माहीत असलेली. अडचण अशी, की दोघांनाही त्यात पडायचं नसतं.

डेव्हलपर टेस्ट लिहायला का टाळतात?

पहिलं कारण म्हणजे वेळ. पोर्टल अमुक तारखेला सुरू करायचं, ही घोषणा आधी होते आणि काम नंतर सुरू होतं. मुदत जवळ आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती टेस्टिंगला. कारण नवं बटण पडद्यावर दिसतं, टेस्ट दिसत नाही.

दुसरं कारण पैशांचं. कंत्राटात सुविधांची यादी असते: लॉग-इन, अर्ज, पावती, अहवाल. त्या यादीप्रमाणे बिल निघतं. टेस्ट लिहिल्या की नाही, हे सहसा कुणी मोजत नाही.

तिसरं कारण वाईट अनुभवाचं. घाईघाईत लिहिलेल्या टेस्ट कधी पास होतात, कधी उगाच नापास होतात. लांडगा आला रे आला, असं रोज ओरडणाऱ्या टेस्टकडे हळूहळू कुणीच लक्ष देत नाही. मग 'टेस्टिंगचा काही उपयोग नसतो' असं मत तयार होतं.

चौथं कारण स्वभावाचं. आपण लिहिलेल्या कोडवर आपलाच विश्वास असतो. टेस्ट लिहा म्हणणं म्हणजे आपल्यावर अविश्वास, असं अनेकांना वाटतं.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. गुगललाही यातून जावं लागलं. २००५ च्या सुमारास गुगलच्या मुख्य सर्च पानामागच्या सर्व्हरची अवस्था अशी होती, की एका टप्प्यावर ८० टक्क्यांहून अधिक नव्या आवृत्त्यांमध्ये वापरकर्त्यांना त्रास होईल अशा चुका सापडत आणि त्या मागे घ्याव्या लागत. त्या टीमच्या प्रमुखानं नियम केला, की नव्या कोडबरोबर टेस्ट आलीच पाहिजे. वर्षभरात तातडीनं कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या निम्म्यावर आल्या.

पण बाकीच्या कंपनीत हा नियम लादला गेला नाही. काही इंजिनिअरांनी एक गट केला आणि वेगळीच युक्ती काढली. नव्यानं रुजू होणाऱ्यांच्या प्रशिक्षणात टेस्टिंगवर एक तास ठेवला आणि तो असा शिकवला, जणू गुगलमध्ये सगळे हे करतातच. नवे लोक आपापल्या टीममध्ये गेले आणि जुन्यांना विचारू लागले, 'तुमच्या टेस्ट कुठे आहेत?' २००६ पासून तर या गटानं टेस्टिंगच्या टिपांची एक पानी पत्रकं स्वच्छतागृहांत चिकटवायला सुरुवात केली. तिथे माणूस दोन मिनिटं वाचतोच, हा साधा हिशेब त्यामागे होता.

थोडक्यात, एका टीममध्ये नियम कामी आला, बाकी ठिकाणी सवय लावावी लागली. आणि सवय लागली ती फायदा डोळ्यांनी दिसल्यावर.

कार्यालयातले कर्मचारी का लांब राहतात?

त्यांची कारणं वेगळी आहेत आणि ती कामचुकारपणाची आहेत, असं समजणं चुकीचं ठरेल.

एक म्हणजे भाषा. टेस्टिंगची कागदपत्रं इंग्रजीत आणि तांत्रिक शब्दांत असतात. पोर्टल सुरू होण्याआधी 'यूएटी', म्हणजे वापरणाऱ्यांकडून मंजुरीची चाचणी, घेण्याची पद्धत सरकारी कंत्राटांतही असते. पण समोरचा पडदा एकदा फिरवून दाखवला आणि सही घेतली, इतकाच तिचा अर्थ उरला तर त्यातून काहीच सापडत नाही. नीट चालणारा अर्ज दाखवून दिला जातो. न चालणारा अर्ज कोण दाखवणार?

दुसरं म्हणजे कामाचा बोजा. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, निवडणुकीची कामं हे सगळं करून टेस्टिंग कधी करायचं?

तिसरं कारण भीतीचं आहे. 'मशीन तपासणार असेल तर माझी गरज काय?' ही भीती सरकारी कार्यालयापुरती नाही. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत हातानं टेस्टिंग करणाऱ्यांनाही ती वाटते.

आणि चौथं कारण सर्वांत खोलवर रुजलेलं: दोष आपल्यावर येईल, ही धास्ती. ती निराधार नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली. तिच्या चुकांमुळे हिशेबात तूट दिसू लागली. सॉफ्टवेअर चुकू शकत नाही, असं धरून पोस्टाच्या शाखा चालवणाऱ्यांवरच चोरीचे आणि अफरातफरीचे खटले भरले गेले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरवले गेले. काही जण तुरुंगात गेले, अनेकांचे संसार उद्ध्वस्त झाले. शेवटी २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला रोज याची छोटी आवृत्ती सोसावी लागते. पोर्टल चुकतं आणि शिव्या त्याला बसतात. त्याच माणसाला 'आता तू हे पोर्टल तपास' म्हटलं, तर तो विचारणारच: 'माझ्याकडून काही सुटलं तर पुन्हा जबाबदार मीच का?'

टेस्ट मराठीत लिहिता येते का?

येते.

'ककंबर' नावाचं मोफत मिळणारं एक टूल आहे. ते २००८ मध्ये आलं. त्यात टेस्ट साध्या वाक्यांत लिहिता येते. त्या लिहिण्याच्या पद्धतीला 'गर्किन' म्हणतात. गर्किन सत्तरहून अधिक भाषांत चालतं आणि त्यात मराठीही आहे. 'जर', 'जेव्हा', 'मग', 'आणि' हे शब्द ते ओळखतं.

म्हणजे ई-केवायसीची टेस्ट अशी लिहिता येईल:

वैशिष्ट्य: लाडकी बहीण ई-केवायसी

परिदृश्य: पती आणि वडील दोघेही हयात नाहीत
जर अर्जदार महिलेचे पती हयात नाहीत
आणि तिचे वडीलही हयात नाहीत
जेव्हा ती स्वतःच्या आधारनं ई-केवायसी करते
मग तिच्याकडे दुसऱ्या कुणाचा ओटीपी मागितला जाऊ नये
आणि मृत्यू प्रमाणपत्र जोडण्याची सोय दिसावी

हे वाचायला कोडिंग यावं लागत नाही. अंगणवाडी सेविका हे वाचून 'बरोबर' किंवा 'चूक' सांगू शकते. ती आणखी एक ओळ सुचवू शकते: 'आणि मृत्यू प्रमाणपत्रावरचं नाव आधारपेक्षा वेगळं असेल तर?'

या वाक्यांमागे प्रत्यक्ष बटणं दाबणारा कोड डेव्हलपरलाच लिहावा लागतो. ती जादू नाही. पण काय तपासायचं, हे आता दोघांनाही समजणाऱ्या एका कागदावर आलेलं असतं.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. वरची टेस्ट लिहायला बसलं की 'मग' या शब्दाशी येऊन हात थांबतो. मग काय झालं पाहिजे? नियमात त्याचं उत्तरच नसेल तर ते तिथेच कळतं. पोर्टल सुरू व्हायच्या आधी, लाखो महिला रांगेत लागण्याच्या आधी. धोरणातली फट सॉफ्टवेअर बनण्यापूर्वी सापडते, तीही एका वाक्यात.

ई-पीक पाहणीतून काय शिकता येईल?

पिकांची नोंद पूर्वी तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' ॲप राज्यभर सुरू झालं आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवू लागले.

सुरुवातीला अडचणी होत्याच. कुणाकडे स्मार्टफोन नव्हता, कुणाच्या शेतात रेंज नव्हती, कुणाकडून चुकीचं पीक निवडलं गेलं. १ ऑगस्ट २०२२ पासून ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात तीन बदल महत्त्वाचे होते. नोंद केल्यावर ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येऊ लागली. शेतकऱ्यानं केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्यानं फक्त १० टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं. आणि फोटो खरोखर त्याच शेतातला आहे का, हे पाहण्यासाठी गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश वापरले जाऊ लागले.

तिसऱ्या बदलाकडे नीट पाहा. शेतकरी शेतात उभा आहे का, हे आधी माणसानं तपासायचं होतं, आता ॲप स्वतः तपासतं. आणि तलाठ्याचं काम संपलं का? नाही. सगळ्या नोंदी करत बसण्याऐवजी निवडक नोंदींकडे तो नीट लक्ष देऊ शकतो. 'मशीन तपासणार असेल तर माझी गरज काय?' या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. मोजता येणारं काम मशीनकडे जातं, पारखावं लागणारं काम माणसाकडे राहतं.

पण याच ॲपबद्दल, हंगामाची मुदत संपत आली की सर्व्हर चालत नसल्याच्या तक्रारी पुढच्या वर्षांतही येत राहिल्या. म्हणजे लोकांचं ऐकून सुविधा सुधारणं आणि गर्दी सोसण्याची तयारी करणं, या दोन्ही गोष्टी लागतात. एकीनं दुसरी भरून निघत नाही.

एखाद्या नगरपरिषदेत सुरुवात कशी होऊ शकते?

देवळाली प्रवरासारख्या नगरपरिषदेकडे स्वतःची आयटी कंपनी नसते. बरीचशी पोर्टल राज्य किंवा केंद्राकडून तयार होऊन येतात. मग तिथे काय करता येईल?

१. तक्रारींची वही उघडा. लोक कुठे अडकतात, हे खिडकीवर आधीच माहीत असतं. वारस नोंद न झालेलं घर, माजी सैनिकाची मालमत्ता करातली सूट, एकाच नावाचे दोन घरमालक, जुन्या दाखल्यावरचं 'अहमदनगर'. प्रत्येक तक्रार ही एक तयार टेस्ट असते.

२. एकाच सेवेपासून सुरुवात करा. सगळ्या पोर्टलची टेस्टिंग करू, असं म्हटलं की काहीच होत नाही. ज्या सेवेसाठी सर्वांत जास्त लोक परत पाठवावे लागतात, ती एक निवडावी.

३. दहा उदाहरणं लिहा. पाच नेहमीची, पाच अवघड. 'जर – जेव्हा – मग' या साच्यात, मराठीत. लिपिक, कर निरीक्षक आणि डेव्हलपर एका टेबलावर बसले तर हे एका दुपारचं काम आहे.

४. निकाल सगळ्यांना दिसू द्या. कोणती टेस्ट हिरवी, कोणती लाल, हे फक्त डेव्हलपरच्या पडद्यावर राहू नये. आपण सांगितलेलं उदाहरण लाल दिसलं आणि दोन दिवसांनी हिरवं झालं, की कर्मचाऱ्याला आपल्या शब्दाला किंमत असल्याचं कळतं. इथूनच पुढची उदाहरणं आपोआप येऊ लागतात.

५. लाल खुणेवर कुणाला बोल लावू नका. लाल खूण म्हणजे चूक लोकांपर्यंत पोचण्याआधी सापडली. ती सापडवणाऱ्याचं कौतुक झालं नाही, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

६. कंत्राटात लिहा. राज्य पातळीवर ज्या विभागाकडून निविदा निघते, तिथे सुविधांच्या यादीसोबत टेस्टची यादीही मागता येते. सहीच्या आधी 'या शंभर उदाहरणांवर पोर्टल पास झालं' हे दाखवणं बंधनकारक केलं तर डेव्हलपरलाही टेस्टसाठी वेळ आणि पैसा मिळतो.

सरकारी संकेतस्थळांना सुरू होण्याआधी सुरक्षा तपासणीतून जावं लागतं, हे खरं आहे. पण ती तपासणी हॅकर आत शिरू शकतो का, हे पाहते. विधवा महिलेचा अर्ज पुढे जातो का, हे पाहत नाही.

ऑटोमेटेड टेस्टिंगनं सगळं सुटेल का?

नाही.

टेस्ट तेवढंच तपासते, जेवढं तिला सांगितलं आहे. कुणाला सुचलंच नाही, ते टेस्टमध्येही येत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, विमानं रखडली. त्या कंपनीकडे आपोआप तपासणी करणारी यंत्रणा होती. नेमकी तिच्यातच त्रुटी राहिली होती.

फॉर्मवरचा प्रश्न लोकांना समजतो का, हेही टेस्ट सांगू शकत नाही. 'माझ्या कुटुंबात सरकारी कर्मचारी नाही हे खरे आहे का? हो/नाही' अशा धर्तीचा प्रश्न कॉम्प्युटरला बिनचूक वाटेल. पण त्यावर 'हो' म्हणायचं की 'नाही', यात माणूस गोंधळेल. त्यासाठी एखाद्या आजीच्या हातात फोन देऊन शेजारी गप्प बसून पाहणं, याला पर्याय नाही.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. टेस्टसाठी खऱ्या नागरिकांचे आधार क्रमांक किंवा मोबाइल नंबर वापरता कामा नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा कायदा आहे. आणि कायदा नसता तरीही, काटा तपासायला कुणी शेतकऱ्याचा ऊस परस्पर घेऊन जात नाही.

तुम्ही काय करू शकता?

पोर्टल अडलं की आपण सोशल मीडियावर लिहितो, 'साइट बंद आहे, सरकार झोपलंय'. राग योग्य असतो, पण त्यातून दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पुढच्या वेळी तीच तक्रार तीन ओळींत लिहून पाहा. माझी परिस्थिती काय होती, मी काय केलं आणि काय व्हायला हवं होतं. उदाहरणार्थ: 'जर माझ्या दाखल्यावर अहमदनगर आहे, जेव्हा मी जिल्हा अहिल्यानगर निवडते, मग अर्ज स्वीकारला जायला हवा. प्रत्यक्षात नाकारला गेला.' सोबत तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट जोडा. आधार क्रमांक आणि ओटीपी मात्र झाका.

अशी तक्रार वाचणाऱ्या डेव्हलपरला वेगळं काही विचारावं लागत नाही. ती तक्रार म्हणजेच टेस्ट असते. एकदा ती यादीत गेली, की देवळाली प्रवराच्या पुढच्या मुलीचा अर्ज त्याच जागी अडकला तर ते आधी कॉम्प्युटरला कळेल आणि तिला खिडकीवरून परत फिरावं लागणार नाही.